तुंबलेला नाला आणि अमानतीचा जाब



पावसाळ्याच्या दिवसांत आपल्या शहरांतून दोन उद्गार हमखास कानी येतात. घरात गुडघाभर पाणी शिरते, धान्याचे डबे तरंगू लागतात, मुलांची पुस्तके भिजतात, घर चालवणारे शिलाई यंत्र गंजते. अशा वेळी कोणी सुस्कारा टाकून म्हणतो, ‘अल्लाहची मर्जी! बंद्याने सब्र करावा.’ त्याच गल्लीतला दुसरा संतापून म्हणतो, ‘मर्जी कसली? वर्षभर नाला उपसला नाही. महापालिकेला कोर्टात खेचले पाहिजे.’ पहिल्याला दुसरा उतावीळ वाटतो आणि दुसऱ्याला पहिला भोळा वाटतो. या दोघांपैकी धर्माच्या अधिक जवळ कोण आहे? नगराच्या दुर्लक्षाने घरात पाणी शिरले, तर नगराविरुद्ध न्यायालयात जाणे हा सब्राचा भंग ठरतो काय? आणि दाद मागणाऱ्यावरही काही जबाबदारी येते काय? या प्रश्नांचा विचार आपण कुरआन, सुन्नत आणि फिक्हच्या प्रकाशात करणार आहोत.

तकदीर आणि दुर्लक्ष

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबईत चारशेहून अधिक माणसे मरण पावली. एवढा पाऊस पाडणे किंवा थांबवणे कोणत्याही महापालिकेच्या हाती नव्हते. तो अल्लाहचा आदेश होता, आणि त्यापुढे मान तुकवणे हाच ईमान आहे.

परंतु या घटनेला दुसरी बाजूही आहे. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी साधारण २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशोबाने बांधलेली होती, आणि तीही ओहोटी असताना. ही क्षमता अपुरी असल्याचे सांगणारा व ती दुप्पट करण्याची शिफारस करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्येच तयार झाला होता. पुढील बारा वर्षांत त्यातील बहुतांश कामे झाली नाहीत. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी दरम्यानच्या काळात भराव, बांधकामे आणि कचरा यांनी अरुंद होत गेली. पाऊस आकाशातून आला हे खरे, पण त्याची वाट माणसांनी अडवली हेही तितकेच खरे.

या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की धर्माच्या नावाने दुर्लक्षाला संरक्षण मिळते. सूरह रूमच्या ४१ व्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की जमिनीवर आणि समुद्रात जो बिघाड माजला, तो माणसांच्या हातांनी केलेल्या कृत्यांमुळे. सूरह शूराच्या ३० व्या आयतीतही संकटांचा संबंध माणसांच्या स्वतःच्या कमाईशी जोडलेला आहे. जो ग्रंथ माणसाच्या हातांचा हिशोब मागतो, त्याचाच आधार घेऊन त्या हातांना हिशोबातून मोकळे कसे करता येईल?

हजरत उमर (र.) शामकडे निघाले असता तेथे प्लेगची साथ पसरल्याचे त्यांना कळले. सल्लामसलत करून त्यांनी माघारी फिरण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले की आपण अल्लाहच्या तकदीरीपासून पळ काढता काय? हजरत उमरांनी (र.) उत्तर दिले की होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. एखाद्याचे उंट अशा दरीत उतरले की जिची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड आहे, तर त्याने ते कोणत्याही बाजूला चारले तरी तकदीर अल्लाहचीच असते, असे त्यांनी समजावले. ही हकीकत सहीह बुखारीत आहे. पाऊस ही तकदीर आहे, तसाच वेळेवर उपसलेला नालाही तकदीरच आहे. हिरवी बाजू समोर असताना उजाड बाजू निवडणाऱ्याला त्याची जबाबदारी चुकवता येत नाही.

नाल्याचा गाळ कोणी काढावा?

सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याची आज्ञा आहे. भाष्यकारांनी या आज्ञेत ठेवीबरोबरच सत्ता आणि पद यांचाही समावेश केला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक माणसाला मेंढपाळाची उपमा दिली आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल असे बजावले. त्या हदीसमध्ये सर्वांत आधी उल्लेख शासकाचा येतो. इराकच्या वाटेवर एखादे जनावर अडखळून पडले, तरी ‘तू रस्ता समतल का केला नाहीस’ असे अल्लाह मला विचारील, ही हजरत उमरांची (र.) भीती आपण अनेक प्रवचनांतून ऐकली आहे. ती ऐकून आपले डोळे पाणावतात. पण ते वाक्य मुळात सार्वजनिक बांधकामाविषयी आहे, ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही.

आपल्या फुकहांनी ही जबाबदारी अगदी तपशिलात मांडली. काजी अबू यूसुफ यांनी खलीफा हारून रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या ‘किताबुल खराज’मध्ये कालवे खोदणे, गाळ काढणे आणि मोठ्या नद्यांचे बांध दुरुस्त करणे यांच्या खर्चाची चर्चा केली आहे. ज्या कामाचा लाभ सर्व जनतेला होतो आणि जे बिघडल्यास सर्वांचे नुकसान होते, त्याचा भार त्यांनी बैतुलमालवर टाकला. अल्-मावर्दी यांनी ‘अल्-अहकामुस्सुलतानिया’मध्ये मुहतसिबाची कर्तव्ये सांगताना नगराची पाणीव्यवस्था नादुरुस्त झाल्यास ती बैतुलमालमधून दुरुस्त करवून घेण्यास सांगितले. बैतुलमालमध्ये पैसा नसेल, तर त्या गावातील ऐपतदार लोकांवर ती सामूहिक जबाबदारी येते, असेही ते म्हणतात. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात संहिताबद्ध झालेल्या ‘मजल्ला’चे १३२१ वे कलम याच आशयाचे आहे. जे प्रवाह कोणाच्या मालकीचे नाहीत त्यांची सफाई सरकारी खजिन्यातून करावी, आणि खजिना अपुरा पडल्यास लोकांना त्या कामास लावावे, असे ते कलम सांगते.

या नियमाला दोन अंगे आहेत. सत्तेला ‘पैसा नाही’ एवढे बोलून सुटता येत नाही, कारण काम कोणत्याही परिस्थितीत व्हायलाच हवे. आणि प्रजेलाही ‘ते सरकारचे काम’ म्हणून कायमचे हात झटकता येत नाहीत.

दाद मागणे सब्राच्या विरुद्ध आहे काय?

सब्र म्हणजे अन्यायाला मूक संमती, असा अर्थ कुरआनमध्ये कोठेही नाही. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत वाईट गोष्टीची उघड वाच्यता अल्लाहला नापसंत असल्याचे सांगताना पीडिताला त्यातून वगळले आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बोलण्याचा हक्क खुद्द अल्लाहने दिला आहे. सूरह शूरात (आयत ३९ ते ४३) अन्याय झाल्यावर प्रतिकार करणाऱ्यांवर कोणताही दोष नाही, दोष अन्याय करणाऱ्यांवर आहे, असे सांगून मग सब्र आणि क्षमा यांची थोरवी वर्णिली आहे. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी हक्काला मान्यता दिली आणि मग क्षमेला उंच स्थान दिले. ज्याला हक्कच नाही त्याच्या क्षमेला अर्थ राहत नाही. शिवाय क्षमा माणसाने स्वतःच्या हक्काची करायची असते. माझ्या घरातील नुकसान मी माफ करू शकतो. शेजारच्या विधवेच्या घरात पुढच्या वर्षी शिरणारे पाणी माफ करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

शासनाला न्यायासनासमोर उभे करणे हे इस्लामी इतिहासाला नवे नाही. हजरत उमर (र.) आणि हजरत उबय बिन कअब (र.) यांच्यात वाद झाला, तेव्हा दोघे हजरत जैद बिन साबित (र.) यांच्याकडे निवाड्यासाठी गेले. जैद (र.) यांनी खलीफांसाठी आदराने जागा करून दिली. हजरत उमरांनी (र.) हाच आपला पहिला अन्याय असल्याचे त्यांना सुनावले आणि ते प्रतिपक्षाच्या शेजारी जाऊन बसले.

आपल्या देशातील एका खटल्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात एका वस्तीचे रहिवासी उघडी गटारे, दुर्गंधी आणि डास यांनी त्रस्त झाले होते. त्यातच मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी रस्त्यावर येत होते, आणि शौचालये नसल्यामुळे झोपडपट्टीतील लोक गटारांचाच आधार घेत होते. रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. नगरपालिकेने मांडलेले दोन बचाव आजही आपल्याला ओळखीचे वाटतील. तेथील परिस्थिती ठाऊक असूनही हे लोक स्वतःहून राहायला आले, हा एक. आमच्याकडे पैसा नाही, हा दुसरा. दंडाधिकाऱ्यांनी रहिवाशांच्या बाजूने आदेश दिला, सत्र न्यायालयाने तो रद्द केला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला आणि अखेर २९ जुलै १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राद्वारे, नगरपालिकेचे अपील फेटाळले. पैशाची चणचण हे वैधानिक कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. मावर्दी आणि मजल्ला यांनी वेगळ्या काळात, वेगळ्या भाषेत मांडलेली गोष्ट इथे एका धर्मनिरपेक्ष न्यायासनाने मांडली. न्याय कोणत्याही दारातून आला तरी मोमिनाने त्याचे स्वागत केले पाहिजे.

फिर्यादीने स्वतःविरुद्ध द्यायची साक्ष

वाचकहो, येथपर्यंत बहुतेकांची संमती मिळेल. यापुढची वाट अवघड आहे.

सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा दिली आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. महापालिकेविरुद्धच्या अर्जावर सही करणाऱ्या हातांनीच गेल्या आठवड्यात कचऱ्याची पिशवी नाल्यात टाकली असेल, तर ही आयत त्या अर्जदारालाही साक्षीला बोलावते. कुर्बानीच्या दिवसांत टाकाऊ भाग गटारात लोटणारे, इमारतीचा राडारोडा रात्री नाल्याच्या काठी ओतणारे, दुकान चार फूट पुढे घेण्यासाठी गटारावर लादी टाकणारे लोक परक्या गावाहून येत नाहीत. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची सर्वांत खालची शाखा असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. जो वाटेत त्रास निर्माण करतो, तो या शेवटच्या पायरीवरूनही घसरला.

प्रेषितांनी (स.) दिलेला जहाजाचा दृष्टान्त सहीह बुखारीत हजरत नुमान बिन बशीर (र.) यांच्याकडून आला आहे. काही लोकांना जहाजाचा वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वारंवार वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच भागात एक भोक पाडण्याचे ठरवले. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारे बुडतील, आणि त्यांचे हात धरले तर सारे तरतील. या दृष्टान्तात भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, हे विशेष. त्यांना फक्त आपली अडचण दूर करायची आहे.

२९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईत एक ख्यातनाम डॉक्टर पाण्याखाली झाकल्या गेलेल्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. तुंबलेले पाणी ओसरावे म्हणून झाकण उघडल्याचा आरोप पोलिसांनी काही स्थानिक रहिवाशांवर ठेवला. त्या आरोपाचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे. परंतु पाणी तुंबले की झाकण उघडायचे, ही सवय अनेक शहरांत आहे आणि ती जहाजातील त्या भोकाहून फारशी वेगळी नाही. खालच्यांना पाणी नीट मिळाले असते तर त्यांना भोक पाडण्याची गरज पडली नसती, हे वरच्या मजल्यावरच्यांनी लक्षात घ्यावे. आणि आपली अडचण कितीही खरी असली तरी तिच्यावरचा आपला उपाय दुसऱ्याच्या जिवावर उठू नये, हे खालच्यांनी.

दाव्यातील खरेपणाही याच साक्षीचा भाग आहे. सूरह बकराच्या १८८ व्या आयतीत लोकांची संपत्ती पापमार्गाने बळकावण्यासाठी प्रकरण हाकिमांपुढे नेण्यास मनाई केली आहे. एखादा वादी अधिक चतुर भाषण करील आणि मी ऐकल्याप्रमाणे निर्णय देईन, पण ज्याला भावाच्या हक्कातून काही मिळाले त्याने अग्नीचा तुकडा घेतला असे समजावे, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे. जुना फ्रिज नवा दाखवून मागितलेली भरपाई न्यायालयात मंजूर झाली, तरी आखिरतमध्ये ती नामंजूरच राहील.

भरपाई कोणाच्या खिशातून आणि सुटका कोणाच्या किमतीवर?

नगर म्हणजे कोणी एक धनवान माणूस नव्हे. त्याच्या तिजोरीत शेठजींचा कर आहे, तसाच हातगाडीवाल्याचाही पैसा आहे. वकील करण्याची ऐपत असलेल्या वस्तीने भरपाई मिळवली आणि नाला तसाच राहिला, तर त्या भरपाईचा भार ज्याला कोर्टाची पायरीही ठाऊक नाही अशा माणसावरही पडतो, आणि पुढच्या वर्षी पाणीही त्याच्याच घरात शिरते. म्हणून दाद मागताना पहिली मागणी नुकसानीचे मूळ दूर करण्याची असावी. ‘नुकसान दूर केले जाईल’ हा फिक्हचा मूलभूत नियम आहे. ज्याचे खरोखर सर्वस्व गेले, त्याला भरपाई मिळाली पाहिजे, परंतु ती शक्यतो दोषी व्यक्तीकडून. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडे मॅनहोल यांमुळे झालेल्या मृत्यूंसाठी वारसांना ६ लाख रुपये देण्याचा आदेश देताना ती रक्कम अंतिमतः जबाबदार अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल करण्याची दिशा दाखवली. अमानत माणसाकडे सोपवलेली असते, तेव्हा जाबही माणसालाच विचारला जावा, हे त्यामागील तत्त्व आपल्या शिकवणुकीशी जुळणारे आहे.

याहून गंभीर प्रश्न नाल्याकाठच्या झोपड्यांचा आहे. पुराविरुद्धची लढाई पुष्कळदा ‘अतिक्रमण हटवा’ या मागणीवर येऊन थांबते आणि त्या मागणीचा पहिला घाव सर्वांत दुबळ्यावर पडतो. मिठीचे पात्र केवळ झोपड्यांनी अडवलेले नाही. वांद्रे-कुर्ला संकुल नदीकाठच्या दलदलीवर भराव घालून उभे राहिले, विमानतळासाठी नदीला वळण दिले गेले. मग बुलडोझरला आधी पत्र्याचे घरच का दिसावे? सूरह निसाच्या त्याच १३५ व्या आयतीत श्रीमंत असो वा गरीब, अल्लाह दोघांचाही अधिक हितचिंतक आहे असे बजावले आहे. न्यायाच्या मापात सवलत ना श्रीमंतीला आहे, ना गरिबीला.

फिक्हचे दोन नियम येथे एकत्र वाचावे लागतात. ‘नुकसान तेवढ्याच दुसऱ्या नुकसानीने दूर करता येत नाही’ हे मजल्लाचे २५ वे कलम. ‘सार्वजनिक नुकसान टाळण्यासाठी विशिष्ट व्यक्तीचे नुकसान सोसावे लागते’ हे २६ वे. दुसऱ्या नियमानुसार प्रवाहाच्या तोंडावर असलेली घरे हलवावी लागतील, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्या घरांतील मुलांच्या जिवासाठीही ते आवश्यक आहे. पण पहिला नियम विचारतो की त्यांना हलवून कोठे नेणार? पर्यायी छप्पर न देता पाडलेले घर म्हणजे एकाच्या घरातील पाणी उपसून दुसऱ्याच्या घरात ओतणे होय. रतलामच्या निकालाचे मोठेपण याच ठिकाणी आहे. झोपडपट्टीतील लोक रस्त्याकडेला शौचास बसतात, ही रहिवाशांची तक्रार होती. न्यायालयाने त्यावर त्यांच्यासाठी पुरेशी सार्वजनिक शौचालये, पाणी आणि सफाईची व्यवस्था करण्याचा आदेश नगरपालिकेला दिला. तक्रार करणाऱ्यांची सुटका झाली आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांनाही त्यांचा हक्क मिळाला.

आपण काय करावे?

आपल्या वस्तीत असा प्रश्न असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नका. उन्हाळ्यातच वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. नाल्यातून काढलेला गाळ काठावरच पडून राहिला, तर पहिल्याच सरीत तो पुन्हा नाल्यात जातो, म्हणून तो उचलून नेईपर्यंत पाठपुरावा करा. माहितीच्या अधिकाराखाली कंत्राटाचा तपशील मागा. मशिदीच्या कमिटीने, मोहल्ल्यातील मंडळाने आणि शेजारच्या बिगरमुस्लिम बांधवांनी मिळून हे काम करावे, कारण नाला कोणाचा धर्म विचारून तुंबत नाही. जुमाच्या खुत्ब्यात कधी तरी नाल्यातील कचऱ्याचाही विषय यावा. एवढे करूनही सत्तेला जाग आली नाही, तर न्यायालयात जाण्यास कचरू नका. तेथे जाताना नाल्याकाठच्या कुटुंबालाही आपल्या अर्जात सहअर्जदार म्हणून घ्या. ते सर्वांत आधी बुडते.

कयामतच्या दिवशी नगराच्या अधिकाऱ्याला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल. त्याच दिवशी आपल्यालाही विचारले जाईल की शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरत असताना तुम्ही बोललात काय, आणि बोलण्याआधी आपला हात नाल्यातून बाहेर काढलात काय. दोन्ही प्रश्नांचे उत्तर आपल्याजवळ असावे.

हे अल्लाह, आमच्यावर सोपवलेल्या अमानती सांभाळण्याचे सामर्थ्य आम्हाला दे. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य दे आणि त्या धैर्यात स्वतःविरुद्ध साक्ष देण्याचा प्रामाणिकपणाही दे. तुझा पाऊस आमच्यासाठी रहमत होऊ दे. आमीन.